दसऱ्याला पुजलेली बंदूक

कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६. दिवेलागण.

राग अजून उतरला नाही.

उद्या कापसाच्या गाड्या अकोल्याला निघायच्या. वाटेवर चोर फार, म्हणून आज दादाची चकमकीची बंदूक साफ करायला घेतली. पलटणीने मोडीत काढलेली, दादाने तीन वर्षांपूर्वी अमरावतीला लिलावात घेतली. तेव्हापासून खुंटीवर. दसऱ्याला तेवढी देवघरात उभी करायची, नळीच्या तोंडाला कुंकू लावायचं, मग दादा घोडा ओढून खट्ट वाजवणार, पोरं हसणार. आत कोणी पाहिलं का कधी?

आज मी नळीत ठासणीचा गज तळापर्यंत घातला. नंतर तोच नळीला बाहेरून लावून पाहिला, तर आत चार बोटं कमी गेलेला. म्हणजे तळाशी काहीतरी होतं. पाणी ओतून आतली दारू भिजवली, गजाच्या टोकाला आत रुतणारा पेच लावून ओढलं. शिशाची गोळी! तीन वर्षं भरलेली! चकमकीखालच्या कानात चिमूटभर दारू नव्हती, म्हणून दसऱ्याच्या खटक्याला उडाली नाही.

दादाला दाखवली. पान चघळत म्हणतो, "निघाली ना आता? मंग काहून बोंबलून राहिला?"

"घेतानी पाह्यली नाही काय तू?"

"इकणाऱ्यानं सांगतलं, खाली हाय म्हणून. सरकारी मानूस खोटं बोलन काय?"

गोळी त्याच्यापुढे आपटली. नाही नाही ते बोललो. तो उठून गेला.

नळी पुसून तेल दिलं. तोंडावरचं कुंकू तेवढं राहिलंय. या दसऱ्याला ते माझ्या चार वर्षांच्या छबीने लावलं. तिचा हात पोचत नव्हता. तिला उचलून नळीसमोर मीच धरलं, आणि मीच म्हटलं, "दादा, वाजव."