चिकटवलेला धडा चौदावा उघडण्याबाबत

मी, निवृत्त विज्ञान शिक्षिका, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाला न जुमानता लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सकाळपासून मला मधूनमधून हसू फुटतं आहे, पण ते वेडाचं लक्षण नाही, असं त्यांनी त्यात वेगळं नमूद केलं आहे.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या पश्चात चित्रकलेच्या बाईंना मिळावं. एकतीस वर्षं आम्ही एकत्र राहतो. माझं तिच्यावर प्रेम आहे, तिचं माझ्यावर. हे वाक्य कागदावर आणायला मला एकतीस वर्षं लागली; वकीलबाईंनी ते दोन सेकंदांत टाइप केलं.

२. माझा धाकटा भाऊ आमच्याच घरात, आमच्याच आरामखुर्चीत बसून तिची ओळख "ताईची भाडेकरू" अशी करून देतो. ती खुर्ची त्याला द्यावी. मात्र ती त्याने स्वतः उचलून न्यावी. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही.

३. लोखंडी कपाटात आठवीची चाळीस पाठ्यपुस्तकं आहेत, ती शाळेला परत द्यावीत. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांत धडा चौदावा आला: बाईला बाई आवडू शकते, पुरुषाला पुरुष, आपण मुलगा की मुलगी, हे कोणाला जन्मदाखल्यापेक्षा वेगळं जाणवू शकतं. चार पानं, एक आकृती. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "वगळता येत नाही ना? मग चिकटवा!" झालं. दरवर्षी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही शिक्षक डिंकाच्या बाटल्या घेऊन बसायचो. सगळ्यांत सफाईदार हात माझा. आणि पोरं? त्यांनी पानं किटलीच्या वाफेवर धरून सोडवली. अख्ख्या शाळेने मनापासून वाचलेला तो एकमेव धडा. पण अर्धी अक्षरं डिंकाबरोबर गेलेली, तिथे पोरांनी आपल्या मनाने भयंकर काहीबाही भरलं.

एकदा एक मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी थांबली. "बाई, चिकटवलेल्या पानांत माझ्याबद्दल लिहिलंय का?"

मी म्हणाले, "ते परीक्षेला नाही."

याची मला आजही लाज वाटते. तीच मुलगी आता वकील आहे आणि हे मृत्युपत्र टाइप करते आहे. इथवर आल्यावर तिने विचारलं, "बाई, हे खोडू का?" म्हटलं, राहू दे.

४. बँकेतली ठेव शाळेला द्यावी. अट: धडा चौदावा वर्गात, दार उघडं ठेवून शिकवावा आणि त्यावर पाच गुणांचा प्रश्न काढावा. परीक्षेला येतं म्हटलं की पालक स्वतः पाठ करून घेतील. शाळेने कच खाल्ली तर सगळी ठेव कलम दोनमधल्या भावाला जावी. आताच्या मुख्याध्यापिकाबाई त्याला चांगल्या ओळखतात, त्यामुळे हे कलम पुरेसं आहे.

५. हा मसुदा आज सकाळी मुख्याध्यापिकाबाईंना वाचून दाखवला. वाटलं होतं, घाम फुटेल. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मरेपर्यंत मुलांनी थांबायचं का? उद्या तिसरा तास रिकामा आहे. या." घाम मला फुटला! निवृत्त होईपर्यंतची नऊ वर्षं चिकटवण्यात गेली, शिकवायची वेळ आली तर तोंडाला कोरड. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "आकृती मी काढते फळ्यावर. तू फक्त बोल."

६. सबब मी जाहीर करते की, मी उद्या तिसरा तास संपेपर्यंत मरणार नाही. त्याआधी मेल्यास हे मृत्युपत्र मला मान्य नाही.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: तासाच्या आदला दिवस, दुपारी चार

(सही) विज्ञानाच्या बाई

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. दाखलाही यांचाच.

साक्षीदार दुसरा: शाळेचे शिपाईमामा, घंटेचे मानकरी. सही करताना म्हणाले, "बाई, सावकाश शिकवा. पोरांचे प्रश्न संपल्याशिवाय मी उद्या घंटा देत नाही."