कडीवरची लाल खूण

आप्पा, तुमच्या नातवाला हरणाच्या शिकारीसाठी दुर्बीण घ्यायची आहे. हसू नका. तो अमेरिकेत राहतो, तिकडं हरणं उदंड झालीत आणि सरकारच शिकारीचा परवाना देतं म्हणे. रायफल त्यानं घेतली, आता तिच्यावर बसवायची दुर्बीण स्वस्तात हवी, म्हणून आज सकाळी तीन दुर्बिणींचे फोटो फोनवर पाठवले आणि खाली लिहिलं, 'बाबा, तुम्ही आणि आजोबांनी आयुष्यभर हेच केलं ना? सांगा, कुठली घेऊ?' बीपीची गोळी घेतली का, याखेरीज गेल्या कित्येक वर्षांत त्यानं मला काही विचारलेलं नाही. भवानी पेठेतलं आपलं बंदूक दुरुस्तीचं दुकान मी आता आठवड्यातून दोनदा उघडतो, तेही शटर गंजून बसू नये म्हणून. माझ्यानंतर ते चालवणारं कुणी नाही, आणि असतं तरी दुरुस्तीला बंदुका कुठून येणार होत्या? असो. मी फोटो बोटांनी मोठे करून पाहिले आणि कुठली घ्यायची ते दोन मिनिटांत कळलं. उत्तर लिहायला मात्र दुपार झाली.

तुम्हाला ते सांगोल्याचे गृहस्थ आठवत असतील. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीची गोष्ट, मी एकोणीस वर्षांचा. मेंढरं बाळगून असलेला भला माणूस, वडिलांची रायफल घोंगडीत गुंडाळून आणलेली. "सवस्तातली बघा, पर हरीण झ्याक दिसलं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. तुमच्याकडं तीन जुन्या दुर्बिणी होत्या. तुम्ही त्यांना चहा पाजला, गप्पा मारल्या, पण दिवस कलेपर्यंत एकही दाखवली नाही. "दुपारच्या उनात समद्याच चांगल्या दिसत्यात. हरीण काय दुपारी येतंय व्हय?" मग दारात उभं करून गिरणीच्या चिमणीवर नजर लावायला लावली. सगळ्यात मोठं दाखवणारी दुर्बीण ते सोडायचं नाव घेईनात, तर तुम्ही ती हातातून काढून घेतली. "लांबचं लई जवळ दिसतंय म्हणून भुलू नगा. तुमचा हात हलला की हरीण बी हलतंय." दुसरीत डोळा अगदी काचेला भिडवल्याशिवाय चित्र पुरतं दिसेना. तिच्यामुळं गोळीच्या धक्क्यासरशी भुवई फुटेल म्हणालात. तिसरी दिसायला भिकार, रंग उडालेला. तिची नेम सरकवायची चकती तुम्ही वीस घरं फिरवली, वीस घरं मागं आणली, आणि काचेतली नेमाची फुली चिमणीच्या त्याच विटेवर परत आली. "ही घ्या. दुर्बीण गरीब असंना का, पर जाग्यावर ऱ्हायला पायजे."

जागेवर राहायची व्यवस्था माझ्याकडं होती. दुर्बीण दोन कड्यांत बसवून कडीचे स्क्रू आवळायचे, माळावर जाऊन गोळ्या झाडून नेम जुळवायचा, परत आलं की स्क्रू पुन्हा आवळायचे, आणि मगच स्क्रूवरून कडीवर लाल लाखेची बारीक रेघ ओढायची, ही तुमची पद्धत. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, शाबूत असली की हलला नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले शिकारीसुद्धा ती रेघ ओळखायचे. तुम्ही माळावरून नेम जुळवून आलात, रायफल माझ्या हातात दिलीत आणि जेवायला बसलात. मला तीनचा सिनेमा गाठायचा होता. मी पेचकस हातातसुद्धा धरला नाही. नुसती रेघ ओढली, छान सरळ.

आठवड्यानं ते गृहस्थ आले. गोळी हरणीच्या पोटात लागली होती आणि ती पळाली होती. तुम्ही चप्पल घालून तसेच त्यांच्याबरोबर निघालात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलात, पाय काट्यांनी फाटलेले. आई पाणी घेऊन उभी आहे आणि तुम्ही तिला सांगताय, "वड्याच्या कपारीत गावली. जिती हुती. आमच्याकडं बघत हुती." मग तुम्ही त्यांच्याकडून परत आणलेली रायफल उजेडात धरलीत, कडीवरच्या रेघेवरून अंगठा फिरवलात. शाबूत. "दोनदा आवळलंवतंस न्हवं?"

"व्हय आप्पा. दोनदा."

तुम्ही मोरीवर पाय धुवायला गेलात तेव्हा मी पेचकस लावून पाहिला. स्क्रू जवळजवळ अर्धा फेरा फिरला. तोवर तो आपणहून जागचा हलला नव्हता, म्हणून रेघ शाबूत होती, पण ढिल्या कडीत दुर्बीण सरकली होती. मी घाईघाईनं सगळे स्क्रू आवळले आणि नव्या रेघा ओढल्या. त्या वाळत असताना तुम्ही आत आलात, टॉवेलनं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "मग माझाच डोळा चुकला." मला वाटलं होतं शिव्या बसतील, थोबाडीत बसेल. तुम्ही तुमचा लाकडी मुठीचा पेचकस माझ्या हातात ठेवलात. "तुजं काम पक्कं हाय. हितनं फुडं नेम बी तूच जुळीव."

त्यानंतर अठरा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, तुम्ही दुर्बिणीला डोळा लावला नाहीत. स्टुलावर बसून बंदुकांच्या लाकडी दस्त्यांना पॉलिश करत राहिलात. गिऱ्हाइकं तुम्हाला विचारत यायची आणि तुम्ही माझ्याकडं बोट दाखवायचात, "आता माझं काय खरं न्हाय." आणि घरी आईच्या सुईत दोरा तुम्हीच ओवायचात, रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात, एका झटक्यात. आई एकदा म्हणालीही, "डोळं गेलं म्हणता, आन दोरा कसा वो ओवता?" तुम्ही हसून म्हणालात, "दोरा काय पळून जात न्हाय." मी शेजारी जेवत होतो. भाकरीचा घास तोंडात होता, तो गिळला आणि दुसरा मोडला. तसे दिवस शेकड्यांनी आले आप्पा, आणि प्रत्येक दिवशी मी जेवलो.

दुपारी मी त्याला लिहिलं. पहिली फार मोठं दाखवते, सोडून दे. तिसऱ्या दुर्बिणीत फुली उजळणारा दिवा आहे, दिव्याला भुलू नकोस. मधली साधी घे. चकती फिरवून फुली जागेवर येते का बघ, आणि तेही संध्याकाळी. कडीचे स्क्रू आवळ, गोळ्या झाड, पुन्हा आवळ, मगच खूण कर. शेवटी लिहिलं, आजोबांची पद्धत आहे. हे कळवताना बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

लगेच त्याचं उत्तर आलं. 'थँक्यू बाबा! पण आजोबांचे डोळे लवकर गेले होते ना? आत्या सांगायची, त्यांचा नेम चुकला आणि त्यांनी काम सोडलं.'

तुम्हाला हे पत्र पाठवायची सोय नाही, त्याचं मला दुःख नाही. पण ज्याला पाठवता येईल तो फोनवर समोर होता, त्याच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं. मी लिहिलं, 'हो. गेले होते.'