एक्केचाळीस नंबरची दोन पोरं

प्रिय ओझेलाताई,

धाकट्या व्हर्लीनचा तुला डेट्रॉइटपर्यंत पोचेल एवढा मोठा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तिकडचं बर्फ वितळलं, की अजून खिडकीत बसून घसरणाऱ्या गाड्या मोजतेस? आमचं देवाच्या कृपेनं बरं चाललंय. माझं ब्लडप्रेशर डॉक्टरचं ऐकत नाही, पण मीही ऐकत नाही, तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून पत्रच बरं. नेहमीप्रमाणे मी सांगतेय आणि सून लिहितेय. तू तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्यास, तेव्हा अक्षर बघून तुला कळलंच असेल की मार्व्हेलाचा हात आज थरथरतोय. (ती म्हणते थरथरत नाहीये. तूच बघ आणि ठरव.)

थरथरण्याचं कारण असं की उद्या सोमवार, आणि उद्या सकाळी कोच आपल्या ऑफिसच्या दारावर फुटबॉलच्या संघाची यादी लावणार. आपला नातू थॅड गेल्या वर्षी कॉलेजात गेला तो कुणी बोलावलं म्हणून नव्हे, स्वतःच्या पायांनी गेला आणि मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिला. अशी न बोलावता आलेली पोरं यंदा नऊ होती. कोचनं जानेवारीतच सांगून टाकलं होतं की वसंतातला सराव बघून त्यातला एकच ठेवीन, बाकीच्यांनी हेल्मेट जमा करायचं. आणि थॅडनं ईस्टरच्या जेवणाला, हॅम तोंडात असताना, शपथ घेतली की यादीत नाव नसेल तर कॉलेजही सोडणार आणि बापाबरोबर कोंबड्यांच्या कारखान्यात उभा राहणार. रॉस्कोनं (माझाच मुलगा, शहाणपणा बापाच्या बाजूचा) लगेच मुकादमाशी बोलूनही ठेवलं. मला त्या बॉलशी काही देणंघेणं नाही, ताई. पण बॉल आहे तोवर पोरगं वर्गात बसतंय. आपल्या घरातलं कुणीच कॉलेजात गेलेलं नाही. (तू गेलीस, पण लग्न करून उत्तरेला गेल्यावर गेलीस. ते मी धरत नाही.)

तर काल शनिवारी सरावाचा शेवटचा सामना होता. आपलीच पोरं दोन भाग करून आपल्याच पोरांना पाडतात, निम्मी हिरव्या शर्टात, निम्मी पांढऱ्या. म्हणजे आपल्या घरचं ईस्टरचं जेवणच, फक्त पंच असलेलं. जिंकणाऱ्यांना संध्याकाळी स्टेक, हरणाऱ्यांना उकडलेल्या शेंगदाण्याएवढीही किंमत नसलेले डब्यातले बीन्स, आणि तेही त्यांच्यासमोर बसून खायचे. बॉल फेकणाऱ्या मुख्य पोरांना लाल शर्ट देतात, आणि लाल शर्टवाल्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे. माझ्या लग्नाच्या आधी असा एखादा शर्ट शिवून मिळाला असता तर बरं झालं असतं.

थॅडनं शुक्रवारी फोन करून सांगितलं होतं की मी हिरव्यात, नंबर एक्केचाळीस, बॉल घेऊन पळणार. झालं. मार्व्हेलानं आमच्या सगळ्यांसाठी हिरवे शर्ट आणले आणि त्यांवर पुढे-मागे पांढरे एक्केचाळीस शिवले. माझ्या पाठीवरचा चार किंचित वाकडा होता. (ती म्हणते माझी पाठ वाकडी आहे.) आकडे मला येतात, ताई, कापूस तोलताना शिकले, अक्षरंच तेवढी राहिली. सकाळी आठला गाडीत तळलेली कोंबडी, मसाला भरलेली अंडी, बरण्यांतून गोड चहा आणि मी, असं सगळं कोंबलं. रस्त्यात रॉस्कोनं दोनदा रेडिओ लावला आणि दोनदा बंद केला.

आता पुढचं नीट ऐक, कारण सगळा गोंधळ इथेच झाला. वसंतात पोरं नको तितकी असतात आणि आकडे पुरत नाहीत, म्हणून एकच आकडा दोघांना देतात. सरावाच्या शर्टांवर नावंही नसतात. शनिवारी सकाळी पांढऱ्यांत एक माणूस कमी पडला, तेव्हा कोचनं थॅडला उचलून पांढऱ्यांत टाकलं, आणि पळणाऱ्याचा पाडणारा केला. हिरव्यांत एक्केचाळीस नंबरचा दुसरा एक पोरगा होता, रूबेन टॉलिव्हर म्हणून. तोही न बोलावता आलेला, त्याच एका जागेसाठी. यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आम्ही हिरवे कपडे घालून हिरव्या बाजूला बसलो आणि हिरव्या एक्केचाळीससाठी घसा फोडायला लागलो.

आणि पोरगा पळत होता, ताई. काय पळत होता! पहिल्यांदा बॉल हातात आला तेव्हा दोघांच्या मधून असा निसटला की रॉस्को उभा राहिला तो नंतर खाली बसलाच नाही. मागच्या रांगेत एक म्हातारा बसला होता, दरवर्षी येणारा, गुडघ्यावर वही. त्यानं दोनदा पुढे वाकून सांगायचा प्रयत्न केला की अहो, एक्केचाळीस दोन आहेत. रॉस्को त्याला म्हणाला की काका, स्वतःची पोरं मोजा, आमची आम्हाला ओळखता येतात. मार्व्हेलानं तर सरळ कोचचं नाव घेऊन ओरडायला सुरुवात केली की एक्केचाळीसकडे बघा, एक्केचाळीसकडे. आमच्या बाजूची साठ-सत्तर माणसंही मग तेच ओरडायला लागली. कोच खरोखर बघायला लागला. कागदावर काहीतरी लिहायला लागला.

मी मात्र गप्प होते. कारण मी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं. थॅड चालतो तो त्याच्या आजोबांच्या, आमच्या एमसच्या चालीनं, डावा पाय जरा बाहेर फेकून, आणि हिरव्यातलं पोरगं सरळ चालत होतं. मी मैदानभर शोधलं आणि पलीकडच्या बाकावर पांढऱ्या शर्टात एक पोरगा बसलेला दिसला, हेल्मेट मांडीवर घेऊन, आमच्याकडे बघत. स्वतःची आई दुसऱ्याच्या नावानं ओरडतेय, आणि कोच ते ऐकून लिहितोय. सामन्याच्या चारातले तीन भाग संपेपर्यंत तो बाकावरच होता. मी सांगितलं का नाही, असं विचारशील. सांगितलं असतं तर मार्व्हेला खाली जाऊन कोचला भेटली असती. (ती म्हणते गेले नसते. पुढे वाच.)

शेवटच्या भागात, जेमतेम दोन मिनिटं उरलेली असताना, पांढऱ्यांतलं एक पोरगं लंगडत बाहेर आलं आणि बाकावरचा आत गेला. हिरवे गुणांनी पुढे होते. बॉल रूबेनच्या हातात आला, तो कडेनं वळला, आणि त्याच्या व शेवटच्या रेषेच्या मध्ये कुणी म्हणजे कुणी नव्हतं. आमच्या पायऱ्या हलायला लागल्या. मी दातांची कवळी हातानं धरून ठेवली. आणि मग पलीकडून एक पांढरा शर्ट तिरका येताना दिसला, डावा पाय बाहेर फेकत. दोघं आदळले तो आवाज वरपर्यंत आला. बॉल एकीकडे गेला, मैदानावरची सगळी हेल्मेटं त्या दोघांकडे वळली. पांढरा उठला. हिरवा उठला नाही.

अशी शांतता पसरली की बर्फाच्या पेटीतलं पाणी हललेलं ऐकू आलं. आणि त्या शांततेत आमची मार्व्हेला उभी राहून त्या पांढऱ्या शर्टाला म्हणाली:

"मेल्या, तुझ्या आईनं तुला काहीच शिकवलं नाही का रे?"

(इथे तिनं पेन्सिल खाली ठेवली होती. मी म्हटलं, हे लिहिलं नाहीस तर ताईला फोन करीन, आणि ती निम्मं मनानं भरील. मग लिहिलं.)

एवढं बोलून ती पायऱ्या उतरायला लागली. अंड्यांचं ताट हातातच. कठडा ओलांडला, मैदानाच्या माणसानं अडवलं तर ताट त्याच्या हातात दिलं आणि पळाली. रॉस्को तिच्या मागे. मी वरच बसले होते, उतरायला मला पाऊण तास लागतो. मी एकच मागत होते, की तो कुणाचाही असो, उठू दे. पाय हलू दे. देवाला मी त्या क्षणी नाव सांगितलं नाही, फक्त आकडा सांगितला.

मार्व्हेला गवतात गुडघे टेकून त्याचा हात धरून रडत होती. डॉक्टर त्याला हाका मारत होता. शेवटी पोरानं डोळे उघडले, आपलाच नंबर छातीवर शिवलेली अनोळखी बाई बघितली, आणि श्वास गोळा करत विचारलं, "मॅडम, तुम्ही कोण?"

आणि तिच्या मागून, पांढऱ्या हेल्मेटातून आवाज आला, "आई, मी इथे आहे."

मार्व्हेलानं मागे बघितलं, पुढे बघितलं. ताई, तिनं त्या पोराचा हात सोडला नाही. हे मी तिच्या बाजूनं सांगतेय, आणि हेही लिही म्हणून सांगितलंय. रूबेनचा फक्त श्वास अडकला होता. दहा मिनिटांनी तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला थॅड. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं वही मिटली आणि रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला की मी दोनदा सांगितलं होतं.

हिरवे जिंकले. संध्याकाळी लांब टेबलांवर एका बाजूला स्टेक, दुसऱ्या बाजूला बीन्स. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे. रूबेननं आपला स्टेक मधोमध कापला आणि अर्धा समोरच्या थॅडच्या बीन्सवर ठेवला. असं करायचं नसतं. कोचनं बघितलं आणि काही बोलला नाही, आणि न बोलणारा कोच हा ओरडणाऱ्याहून वाईट असतो, असं रॉस्को म्हणतो. मग मार्व्हेलानं दोघांनाही आज चर्चनंतर जेवायला बोलावलं. तिला वाटलं तेवढ्यानं भागेल.

आज दोघं आले. समोरासमोर बसले. दोघांनाही माहीत की जागा एक आहे. एक म्हणतो तुला भाजी हवी का, दुसरा म्हणतो आधी तू घे. कॉर्नब्रेडचा शेवटचा तुकडा इतका वेळ ताटात पडून राहिला की शेवटी मीच खाल्ला. रूबेनला कॉलेजात काय शिकतोस विचारलं तर म्हणाला पूल कसे बांधतात ते, आणि उद्या यादीत नाव नसलं तर काय करशील विचारलं तर म्हणाला घरी जाईन. ही शपथ सगळी पोरं एकाच दुकानातून आणतात की काय कोण जाणे.

तर असं आहे. आम्ही शांत आहोत. जे होईल ते होईल. रॉस्को अंगणात तेच गवत दुसऱ्यांदा कापतोय. गुडघ्याला गरम कपडा बांध, आणि त्या शेजारणीला माझा नमस्कार सांगू नकोस, ती मला आवडत नाही.

तुझी,
व्हर्लीन

ता. क. सोमवार, दुपार. थॅडचं नाव आहे! कोचनं त्याला सांगितलं की जो पोरगा तीन भाग बाकावर बसून, चौथ्यात इतका लांबून धावत येतो, तो मला हवा. रॉस्को कारखान्यात जाऊन मुकादमाला नको म्हणून सांगून आला आणि घरात यायच्या आधी पाव तास गाडीतच बसून राहिला. आता मी पेन्सिल ठेवतेय, आई म्हणतात सगळ्या चर्चला सांगून ये. — मार्व्हेला

आणखी एक ता. क. अक्षर बदललेलं तुझ्या लक्षात आलंच असेल. मार्व्हेला घरोघर फिरतेय, म्हणून आता रूबेन लिहितोय. तो निरोप घ्यायला आला आणि माझ्या स्वयंपाकघरात बसलाय, बॅग दाराशी, खिशात येत्या शनिवारच्या बसचं तिकीट. बस डेट्रॉइटची आहे. तो तुझ्याच शहरातला आहे हे मी वर मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर तू पत्र अर्धवट ठेवून त्याचं कूळ शोधायला निघाली असतीस.

आधी एक गोष्ट कबूल करते. मी चालीवरून ओळखलं असं वर सांगितलं, ते खोटं. माझ्या चष्म्यातून पलीकडचा बाक दिसत नाही, पाय कुठून दिसणार. मीही रूबेनसाठीच ओरडत होते, मार्व्हेलाहून मोठ्यानं. तिच्याच आरड्यात तिला माझं ऐकू आलं नाही, सांगू नकोस. (रूबेन हे लिहिताना हसला. सकाळपासून पहिल्यांदा.)

आता खरं काम. याला सांगितलंय की मागची खोली रिकामी आहे, एमसचा पलंग भक्कम आहे, पूल बांधायला हेल्मेट लागतं पण ते कोचकडून घ्यावं लागत नाही. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, नुसता खातो. त्याच्या आईला इतक्या लांब पाठवायचंच नव्हतं, तेव्हा हरलास ना, ये आता घरी, असंच ती म्हणणार. म्हणून तू तिच्याकडे जा. चर्चची टोपी घालून जा, शाळेतल्या आवाजात बोल. तिला म्हणावं, पोरगं उपाशी नाही आणि एकटं नाही. आणि सांग की तो पडला तेव्हा एक बाई त्याच्यासाठी कठडा ओलांडून धावली होती. चुकून धावली, हे सांगू नकोस.

(आजींनी सांगितलं तसं लिहिलं आहे. पत्ता मागच्या बाजूला देतो. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात असते, पाचनंतर घरी येते. शनिवारच्या आत गेलात तर बरं होईल. — रूबेन)