एका मताचा हिवाळा

वेकली, न्यू हॅम्पशायर
११ मे १९८०

ती. लव्हिनाताईस,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इथला चिखल आत्ता कुठे वाळतोय. माझ्या मर्टलच्या थडग्यापर्यंत पायी जाता येईल इतपत वाट झाली आहे. एप्रिलात तिला जाऊन वर्ष झालं. तिने लावलेल्या रुबार्बच्या आंबट भाजीला कोंब आलेत. मुरंबा करणारी नाही, तरी आलेत.

बातमी अशी की मी पुन्हा उभा राहतोय. जूनमध्ये गावच्या कारकुनाकडे अर्ज द्यायचा आहे. तू हसशील, ठाऊक आहे मला. सात वेळा निवडून आलो, चौदा वर्षं कॉन्कॉर्डला विधानसभेत बसलो, वर्षाला शंभर डॉलरच्या त्या मानाच्या नोकरीत तीन गाड्या झिजवल्या, आणि आठव्या खेपेला एका मताने पडलो. सहाशे बारा विरुद्ध सहाशे अकरा. त्या विमा विकणाऱ्या गुडरिचच्या पोराकडून. फेरमोजणी केली तरी तेच. बरोबरी झाली असती तर चिठ्ठी टाकून निकाल लागला असता.

ते मत कोणी फिरवलं हे मला कळलं आहे. एल्विन बेसीने. चाळीस वर्षांचा शेजार, एकाच करवतीची दोन टोकं धरून आम्ही लाकडं कापली. पण पुलाच्या ठरावावर मी त्याच्या विरुद्ध बोललो, ते त्याच्या पोटात राहिलं. मतदानाच्या सकाळी मी टाउन हॉलच्या दाराशी पाटी धरून उभा होतो, तर हा गृहस्थ मान खाली घालून माझ्यासमोरून आत गेला. त्या हिवाळ्यात मी कोणी मत टाकलं त्याच्या खुणा केलेली मतदारयादी आणून एकेक नाव पडताळलं. सगळा संशय त्याच्याच दाराशी जाऊन थांबतो. दीड वर्ष मी त्याच्याशी बोललेलो नाही. परवा दुकानात माझ्या गुडघ्याची चौकशी करत होता. मी पावाचं वेष्टन वाचत उभा राहिलो.

मर्टल नवऱ्याचा पराभव बघून गेली, ही सल जात नाही. तिच्यासाठी एकदा जिंकायचं आहे. नोव्हेंबरात तू ये. मतदानाच्या दिवशी टाउन हॉलमध्ये ॲपल पाय विकायला ती बसायची, तिथे तू बस. तुझ्या ॲपल पायचं कवच चिवट असतं हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण लोक माझ्याकडे बघून घेतील.

लेकीला आणि जावयाला माझा नमस्कार. आहे ती माया राहू दे.

तुझा
हार्लन

पोर्टलंड
१९ मे १९८०

चि. हार्लन यास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या ॲपल पायला नावं ठेवणाऱ्या माणसाने तिसरा तुकडा मागू नये. तू नेहमी मागतोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोन दिवस उत्तर लिहायला बसले आणि दोन्ही दिवस उठले. आज लिहिते. तू एल्विनशी बोलत नाहीस हे वाचल्यावर गप्प राहणं मला जमणार नाही.

मर्टल अंथरुणाला खिळली होती म्हणून तिने टपालाची मतपत्रिका मागवली होती, आठवतं? तिची शुश्रूषा करायला मी तेव्हा तुमच्याकडेच होते; पाकीट बंद करून तिने माझ्याकडे दिलं. मी कोट घालून दारापर्यंत गेले, तेवढ्यात तिने मला परत बोलावलं. म्हणाली, व्हिनी, ते टाकू नकोस. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, पुढचा उन्हाळा दिसायचा नाही. तुला कळवायचं नाही म्हणून तिने त्यांना आणि मला, दोघांनाही शपथ घातली. तू निवडून आलास की जानेवारी ते जून कॉन्कॉर्डला, घरी फक्त शनिवार-रविवार. ती म्हणाली, सात वेळा मी त्याला गावाला दिला, आता एक हिवाळा मला हवा आहे. एका मताने काय होतंय, असं आम्हा दोघींनाही वाटलं. निकाल कळला तेव्हा तिने भिंतीकडे कूस वळवली.

पाकीट तेव्हापासून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. उघडलेलं नाही. सोबत पाठवते. तिने आत कोणाला मत दिलंय, मला माहीत नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव. पण आधी एल्विनकडे जा.

तुझी ताई
लव्हिना

वेकली
१४ जून १९८०

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तुझ्यावर रागावलो होतो. आठवडाभर. आता नाही.

पाकीट मर्टलच्या लोण्याच्या सुरीने उघडलं. खूण माझ्याच नावापुढे आहे. दोनदा गिरवून काळी केलेली. माझ्याविरुद्ध मत देणं तिच्याने झालं नाही, आणि मला जाऊ देणंही झालं नाही.

मग ती यादी काढली. माझ्या नावापुढे खूण आहे. त्याच्याच खाली मर्टल थर्स्टन, आणि पुढे कोरी जागा. सगळ्या गावाची नावं तपासली ताई, आणि माझ्या खालची ओळ वाचली नाही. घरचं मत कोण तपासतो?

एल्विनकडे गेलो. त्याने आठही वेळा मलाच मत दिलं, म्हणाला. त्यातल्या चार वेळा स्वार्थापोटी, कारण मी कॉन्कॉर्डला असलो की त्याला निवांत मासे धरता येतात. मग त्या सकाळी माझ्याकडे का बघितलं नाहीस, विचारलं. टोपी काढून म्हणाला, येताना खिडकीलगतच्या अंथरुणात उशीला टेकलेली मर्टल दिसली होती. तिचा चेहरा बघून तो काय ते समजला, आणि पाटी धरून हसणाऱ्या माझ्याकडे त्याला बघवेना. म्हणजे शेजाऱ्याला रस्त्यावरून दिसलं. मी त्या वर्षी साडेचारशे दारं ठोठावली होती.

काल अर्जाची मुदत संपली. मी गेलो नाही.

पण तुला लिहायचं ते हे. तिने मागून घेतलेला हिवाळा तिला मिळाला का? मी घरी होतो, हे खरं. रोज स्वयंपाकघरात, ती यादी पुढ्यात घेऊन, कोणी दगा दिला ते शोधत. पलीकडच्या खोलीतून ती हाक मारायची, बर्फ पडतंय, जरा खिडकीशी येऊन बस म्हणायची. आणि मी दर वेळी सांगायचो, हे पान संपलं की येतो.

नोव्हेंबरात ये, निवडणूक नसली तरी. ॲपल पाय घेऊन ये. एल्विनही विचारत होता. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, आता तुझ्याशिवाय कोणाकडे मागू?

तुझा
हार्लन