ताईताचा दोरा

आबा,

नूतनचं थायरॉइडसाठी रक्त तपासायला तिला घेऊन पहिल्या एसटीनं पुण्याला जाते आहे. भाकरी टोपल्यात झाकली आहे.

काल तुम्ही म्हणालात, "हिलाबी आईवानी बाहेरचं लागलंय." लक्षणं आईचीच आहेत, खरं. भर वैशाखात गोधडी, उगाच रडणं, 'जगून काय करू' म्हणणं. पण आईच्या गळ्यातला ताईत आवळू लागला, तेव्हा तुम्ही मायेनं दोरा सैल करून दिलात. गळाच सुजतोय, हे आपल्या कुणाला दिसलं नाही. थायरॉइडचा रिपोर्ट आला तो तिच्या तेराव्याला.

काल वेणी घालताना नूतन म्हणाली, "अक्का, दोरा रुततोय गं, जरा सैल कर."

मी तो कापला. ताईत देव्हाऱ्यात ठेवला आहे. परत बांधू नका.

शैला