मामे पोमाच्या मागची भिंत

सोमवार, ३ जून
आले बाई एकदाची कुमासी शहरात! आमच्या टेचिमानपासून गाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, पण मास्टर तावियांच्या दुकानात पाऊल टाकलं आणि सगळा शीण पळाला. दुकान मयतांच्या पोस्टरांचं. आमच्याकडे माणूस मेला की मगच त्याचा थाट सुरू होतो. जन्मभर अनवाणी फिरलेली आजी पोस्टरवर संगमरवरी जिन्यापुढे उभी! हे जिने, ही कारंजी आता मी संगणकावर फोटोंमागे लावणार. मास्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की उजेड कुठल्या बाजूचा ते आधी बघायचं, केसांच्या कडा दमानं कापायच्या आणि पायाखाली सावली काढायची. नाहीतर नातेवाईक ओरडतात, "अगं, आमची म्हातारी जमिनीला टेकव की!"

बुधवार, ५ जून
आज क्वाकू अजेमान आला. लॉरीच्या सुट्या भागांचा बडा व्यापारी. त्याची आई, मामे पोमा (आईला, वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मामे म्हणतात), चार महिने शवागारात पडून आहे. नव्या घराला रंग लागेपर्यंत अंत्यविधी करून कसं चालेल? पाहुण्यांना घर दिसायला नको? त्याने मोबाइलवरचा फोटो दिला आणि मोबाइलमधून पुसूनही टाकला. म्हातारी स्टुलावर बसलेली, मागे भिंत. म्हणाला, "हिला माझ्या घरापुढच्या अंगणात बसव. आणि जरा हसव गं, जन्मभर तोंड वाकडं करून बसली!" आणि स्वतःच खो खो हसला.

केसांच्या कडा कापायला फोटो मोठा केला, तर भिंतीवर कोळशाने एकच ओळ, वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिलेली. "क्वाकू, दार उघड." खिडकीला बाहेरून फळ्या ठोकलेल्या. म्हातारीची गालफडं पार बसलेली. हिला कोंडून उपाशी मारलंय. क्वाकू शाळेतून पळालेला गडी, अक्षरशत्रू. त्याला ती काजळी वाटली असणार.

मास्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो पुन्हा लहान केला. मग म्हणाले, "आपण पोस्टरं करतो, आफ्राकोमा. पंचायत भरवत नाही." मी गाल भरले, मिटल्या ओठांचे कोपरे वर ओढले, भिंत पुसली. मूळ फोटोही त्यांनी पुसायला लावला. आता ती भिंत फक्त आम्हा दोघांच्या डोक्यात आहे.

शनिवार, ८ जून
मामे पोमाची बहीण, मामे दुफी, आली होती. आजार लागेल म्हणून क्वाकूने हिला शेवटपर्यंत भेटू दिलं नव्हतं. माझा हात धरून विचारू लागली, "लेकरा, तू खरा फोटो पाहिलास ना? कुठे ठेवलं होतं गं माझ्या बहिणीला? मागे काय होतं?"

मी बोलले असते तर आजच वडीलधारी मंडळी बसली असती, पोलीस आले असते. पण नोकरी लागून आठवडाही झाला नाही. म्हटलं, काही नव्हतं मामे, नुसती पांढरी भिंत. ती मला आशीर्वाद देऊन गेली. माझी मलाच लाज वाटतेय.

सोमवार, १० जून
छापण्याआधी फाइल उघडली. मी अंगणाच्या मधोमध बसवलेली मामे पोमा घराच्या दाराला पाठ टेकून बसलेली. पुन्हा अंगणात आणली. जेवून येते तर स्टूल परत दाराशी. मास्टरांनी मलाच झापलं. शेवटी वैतागून तशीच छापली.

गुरुवार, १३ जून
पोस्टरं चौकाचौकांत लागली. आणि क्वाकू कालपासून सापडत नाहीये. गाडी अंगणात, चपला दाराबाहेर, घर रिकामं.

आमच्या दुकानाबाहेरच्या पोस्टरात, घराच्या वरच्या खिडकीत, आतून कोळशाची अक्षरं उमटलीत.
"मामे, दार उघड."
ज्याला अक्षर येत नव्हतं त्याने लिहिलंय. आणि ती दार अडवून बसलीय, दात दाखवून हसतेय. ते हसू मी दिलेलं नाही.
खरं सांगू? मला बरं वाटलं. भोग म्हणावं, मेल्या!

शुक्रवार, १४ जून
सगळ्या पोस्टरांत तेच. सकाळी ओळी वाढत होत्या. दुपारी अक्षरं बारीक झाली, थकल्यासारखी. मग नवी ओळ येईना.
मी बघत होते, तर ती आता रस्त्याकडे नाही — सरळ माझ्याकडे पाहतेय.
मास्टरांच्या मागचं कपाट दिसेना. तिथे नुसतं पांढरं, मी फोटोतली भिंत पुसली होती तसं. मग खुर्ची नाही. मग मास्टर —
मी हाका मारल्या. कितीतरी.

शनिवार, १५ जून
आज अंत्यविधी. मामे दुफीला गाठून सगळं सांगायचं ठरवलं, पण दुकानाला दारच नाही. रस्ता नाही. चारी बाजूंना पांढरं —
मामे पोमा, सांगते मी. आत्ता सांगते. सोड मला.
डाव्या हाताची बोटं गेली. दुखत नाही. कड नीट कापलेली —
वही तरी कुणाला सापडेल. मामे दुफी, मी खोटं बोलले. भिंत पांढरी नव्हती. खिडकीला फळ्या होत्या, आणि भिंतीवर तुमच्या बहिणीने कोळशाने लिहिलं होतं, क्वा —