कवितेतला ‘कुणीतरी’ आणि दारापुढचे कपाट

चिरंजीव धाकट्यास, थोरल्याचे अनेक आशीर्वाद. माझ्याकडून काही घेणे अजून वर्ज्य नसेल तर घ्यावेत. तुझा खोकला निवळल्याचे भिंतीतून कळते. करवत सकाळी आठालाच सुरू होते, त्याअर्थी सुतारकामही बरे चालले असावे. (भिंतीला भिंत लागून असताना पत्र टपालाने का, ते पुढे येईलच.)

एक कोडे तुझ्याही ध्यानात आले असेल. देशाच्या एकजुटीवरील कवितांत शेवटी दार उघडते, दिवा लागतो, हात पुढे होतो. पण हे सारे करणारा नेहमी ‘कुणीतरी’ असतो. कवी स्वतः जागचा हलत नाही. असे का? याच प्रश्नावर मी रविवारी वाचनालयात दीड तास बोललो. कविता आजच्याच एका कवीची: ‘एका घराच्या खोल्या आपण, मधली दारे मिटलेली, उद्या कुणीतरी उघडेल.’ मी क्रमाने गेलो. घर म्हणजे देश. खोल्या म्हणजे प्रांत, भाषा, पंथ. ‘मिटलेली’पाशी मी पाऊण तास थांबलो: कवी ‘कुलूपबंद’ म्हणत नाही, कारण मिटलेले उघडते, आणि तीच त्याची आशा. (मुद्दा खरोखर चांगला आहे, लाज वाटत असतानाही सांगतो.) इथे टाळ्या पडल्या.

मग शंकासमाधान. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. माझ्या डोळ्यांवर वाचायचा चष्मा, त्यामुळे चेहरा धूसर. म्हणाल्या, “सर, मिटलेल्या दाराला आतून पुस्तकांचं कपाट लावलं असेल, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?”

मी, मूर्ख, खुललो. “वा! कपाट म्हणजे विद्येचा अहंकार. बाईंनी अशी माणसे पाहिलेली दिसतात!”

“माणूस नाही दिसत हो, भाऊजी. पाच वर्षं दार उघडलं की कपाटाची पाठच दिसते. त्यावर आमच्या ह्यांची पेन्सिलीची खूणसुद्धा आहे.”

मी चष्मा बदलला. ती तुझी सौभाग्यवती होती. सभागृह इतके हसले, की अध्यक्षांनी आभार उरकून घेतले.

मला नोकरी लागली तेव्हा तू स्वतःच्या हाताने केलेले ते कपाट. तुझ्या करवतीने पेपर तपासताना व्यत्यय येतो म्हणून मी तेच मधल्या दारापुढे सरकवले आणि शब्दकोशाचे चौदा खंड त्यात भरले. कोड्याचे उत्तर मला व्यासपीठावरून उतरताना सापडले: ‘कुणीतरी’ म्हटले, की आपल्याला खुर्चीतून उठावे लागत नाही. हे समोर येऊन सांगण्याचे धैर्य नाही, म्हणून टपाल.

तुझा,
थोरला

ता. क. येत्या रविवारी हेच व्याख्यान दुसऱ्या वाचनालयात आहे. त्या दिवशी सौभाग्यवतीस घरीच काही काम निघेल असे पाहावे, एवढ्याचसाठी हे पत्र.

पुन्हा ता. क. वरील विनंती रद्द. भरलेले कपाट मला एकट्याला हलत नाही, आणि रिकामे करायला बसलो तो तिसरा खंड वाचत राहिलो. तरी शनिवारी चहाच्या वेळी तुझ्या बाजूने दार उघड आणि कपाटाच्या पाठीवर टकटक करून पाहा. भरीव आवाज आला, तर थोरला अजून व्याख्यानच देतो आहे असे समजून दार लावून घे. पोकळ आला, तर ढकल. मी इकडून ओढतो आहे.